दिवाळं काढायची ऐपत

इंग्लंडात स्वतःचं दिवाळं स्वतः काढायचं म्हटलं तर ६८० पौंड पडतात. आधी भरायचे आणि पूर्ण भरायचे. त्यातले १३० अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे आणि ५५० अनामत, म्हणजे आपल्या उरल्यासुरल्या संसाराचा ताबा घ्यायला जे ऑफिशिअल रिसीव्हर येणार त्यांच्या खर्चाचे. २०१६ पासून हे सगळं ऑनलाइन झालंय. पूर्वी कोर्टात जाऊन मान खाली घालून उभं राहावं लागायचं, आता घरी लेंग्यावर बसून भिकेला लागता येतं. एवढी प्रगती झाली तरी मूळ अट कायम आहे. माझ्याकडे पैसे नाहीत हे सरकारदरबारी सिद्ध करायला खिशात पैसे लागतात.

सरकार अगदीच निर्दय आहे असंही नाही. हप्त्यांची सोय आहे आणि हप्ता पाच पौंडांपर्यंत खाली आणता येतो. मी जन्मभर हिशेबखात्यात काढलेला माणूस. आकडा दिसला की हात शिवशिवतात. महिना पाच पौंडांनी ६८० भरायला १३६ महिने लागतात. अकरा वर्षं आणि वर चार महिने. इकडे मुदतीचा कायदा असा की साध्या कर्जाबद्दल सहा वर्षं कुणी दावा लावला नाही, आणि आपण मधे ना छदाम भरला ना कबुली दिली, तर पुढे त्यासाठी कोर्टाची पायरी चढता येत नाही. म्हणजे माझी दिवाळखोरी मंजूर व्हायच्या आत कर्ज आपल्या मरणाने गेलेलं असेल आणि मी त्याच्या तेराव्याचे हप्ते आणखी पाच वर्षं भरत असेन.

संसार चालतो युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे सरकारी भत्त्यावर. २०२५-२६च्या दराने पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला महिना ४०० पौंड १४ पेन्स. घरभाड्याचे वेगळे मिळतात, आणि ते भाड्याला पुरत नाहीत हे सांगायला नको. चारशे पौंडांबद्दल माझी काही तक्रार नाही. मला छळत होते ते वरचे १४ पेन्स. कोणत्या मंत्रालयात कोणत्या साहेबाने ठरवलं असेल की चारशेत हा माणूस उपाशी मरेल आणि ४००.१५ दिले तर सोकावेल? मग बसून शोधून काढलं. आदल्या वर्षीचा दर होता ३९३.४५, त्यावर १.७ टक्के वाढ दिली. गुणाकार करून पाहिला, पेन्सापर्यंत बरोबर आहे. बेकार माणसाकडे अशा गोष्टींना वेळ असतो.

हे शेवटचं वाक्य जॉबसेंटरमध्ये बोलू नये. कारण तिथे सही करून दिलेली असते की आठवड्याचे पस्तीस तास मी नोकरी शोधेन. या देशात पस्तीस तासांची नोकरी पूर्णवेळ धरतात. तेव्हा बेकारी हीसुद्धा पूर्णवेळ जागा आहे. फक्त तिला पगारी रजा नाही. रोज काय काय केलं ते ऑनलाइन डायरीत लिहायचं, आणि ती वाचायला एक वर्क कोच. माझी कोच म्हणजे माझ्या कोटापेक्षा वयाने लहान मुलगी. गोड आहे. 'तुमचं स्वप्न काय आहे?' असं तिने मला पहिल्याच भेटीत विचारलं. पन्नाशी उलटलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न त्याच्या आईबापांनीही कधी विचारलेला नसतो. मी म्हटलं, 'पेन्शन.' तिने ते टाइप करून घेतलं.

शिवाय पहिले पैसे हातात पडायला पाच आठवडे लागतात. तोवर खायचं काय, तर सरकार उचल देतं आणि ती पुढच्या महिन्यांतून कापून घेतं. कर्जबाजारी म्हणून दारात आलेल्या माणसाला आधी घरचं कर्ज देऊन मग आत घेतात.

आईला हे फोनवर समजावून सांगणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. आधी तिला वाटलं मला महिना चारशे रुपयेच मिळतात. 'अरे, आपल्या शेजारच्या वहिनींना लाडकी बहीण म्हणून पंधराशे येतात! मग एवढ्या लांब गेलास कशाला?' पौंड म्हटल्यावर तिने माझ्या भाच्याला हिशेब करायला बसवलं. पलीकडे जरा कुजबुज झाली आणि आवाज एकदम बदलला. 'पंचेचाळीस हजारांच्या वर? घरबसल्या? आणि तू दिवाळं काढायच्या गोष्टी करतोस?' मी तिला इथल्या डब्याचा, बसचा, विजेचा खर्च सांगायला लागलो, तर म्हणाली, 'तुझे बाबा एवढ्यात वर्ष काढत होते.' बाबांचं वर्ष १९७८ होतं हे सांगण्यात अर्थ नसतो.

लोकांना काय सांगायचं ही अडचण मात्र परदेशातल्या मराठी समाजाने फार पूर्वीच सोडवून ठेवली आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. तिथे गणपतीत आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात कुणीतरी विचारतंच, 'सध्या कुठे?' नोकरी असलेला माणूस कंपनीचं नाव सांगतो. नसलेला म्हणतो, 'कन्सल्टिंग करतोय.' विचारणारा मान डोलावतो आणि पुढचं काही विचारत नाही. तोही बहुधा कधीतरी कन्सल्टिंग करून आलेला असतो.

माझी नोकरी होती वसुलीची. क्रेडिट कंट्रोल म्हणतात. थकलेले पैसे गोड बोलून काढायचे. पहिलं पत्र 'आपल्या नजरेतून सुटलं असावं' या वळणाचं, दुसऱ्यात खेद, तिसऱ्यात नाइलाज, चौथं वकिलाकडून. ही शिडी मी वर्षानुवर्षं लोकांना चढवली. आता तीच पत्रं माझ्या दारात पडतात आणि मला पैशांची धास्ती वाटायच्या आधी त्यांतली कारागिरी दिसते. एका बँकेने तर पहिल्याच पत्रावर लाल अक्षरांत 'अंतिम सूचना' छापलं. आता अंतिम म्हटल्यावर पुढे सरकायला जागा उरते का? पुढच्या महिन्यात त्यांना बिचाऱ्यांना 'अंतिम सूचनेची आठवण' पाठवावी लागली. असल्या पत्रावर आमच्या वेळी साहेबाने सही केली नसती.

त्या बँकेकडून फोनवर एक मुलगी येते. नवीन होती. घाईघाईने बोलायची, माझं उत्तर यायच्या आत स्वतःच पुढची सवलत देऊन मोकळी व्हायची. मला राहवेना. मी म्हटलं, 'बाळ, कधी भरणार असं विचारलं ना, की गप्प बसायचं. एक अक्षर बोलायचं नाही. आधी गिऱ्हाईक बोललं पाहिजे.' ती म्हणाली, 'थँक यू. मग कधी भरताय?' आणि गप्प बसली. त्या शांततेत माझ्या फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटी मीच पुढच्या शुक्रवारची तारीख दिली.

पैसे संपलेल्या माणसाकडूनच पैसे मागण्याची इंग्रजांची रीत जुनी आहे. १८२४ साली चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं, एका बेकरीवाल्याचे ४० पौंड १० शिलिंग थकले म्हणून. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवायला लागला. आणि मार्शलसीत कैद्याने कोठडीचं भाडंही द्यायचं असे. पाव फुकट खाल्ला म्हणून आत टाकलेल्या माणसाने आत राहण्याचे पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न कुणाला पडला नसावा. कर्जासाठी सरसकट तुरुंगात टाकणं १८६९च्या कायद्याने थांबलं. शुल्क घ्यायची सवय तेवढी राहिली.

त्याच्याही आधी, १६९२ साली, रॉबिन्सन क्रूसोचा कर्ता डॅनिएल डिफो १७,००० पौंडांत बुडाला होता. त्याच्या कर्जांची यादी वाचावी अशी आहे. जहाजांच्या मालात पैसे, समुद्राच्या तळाशी उतरायच्या यंत्रात पैसे, आणि अत्तरात घालायचा सुगंधी द्रव मिळावा म्हणून विकत घेतलेली जवादी मांजरं. सत्तरएक. बुडावं तर असं बुडावं. माझ्या क्रेडिट कार्डाच्या पत्रकावर कौन्सिल टॅक्स, गॅस, बासमतीची दहा किलोची पिशवी आणि पुन्हा कौन्सिल टॅक्स. यातून कादंबरी निघायची नाही.

आमच्या ओळखीच्या दिवाळखोरीचं उदाहरण म्हणजे अर्थात विजय मल्ल्या. २६ जुलै २०२१ रोजी लंडनच्या हायकोर्टाने त्यांना दिवाळखोर जाहीर केलं. अर्ज केला होता स्टेट बँकेच्या पुढाकारातल्या भारतीय बँकांनी, म्हणजे ६८० पौंडांचा प्रश्नच आला नाही. घेणेकऱ्याने मागितलं तर खर्च घेणेकऱ्याचा. त्याआधी मालमत्ता गोठवलेली असताना त्यांना घरखर्चाला आठवड्याला १८,००० पौंडांहून जास्त खर्च करायची मुभा होती, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. आठवड्याला. मी त्याला ४००.१४ने भागायला घेतलं आणि मधेच कॅल्क्युलेटर बंद केला.

पण त्यातून मला एक वाट दिसली. ५,००० पौंडांच्या वर थकले की बँक आपलं दिवाळं काढायला कोर्टात जाऊ शकते. माझं क्रेडिट कार्ड ही पायरी केव्हाच ओलांडून बसलंय. तेव्हा आपण काही करायचं नाही, बँकेने आपला खर्च करून आपल्याला बुडवायचं. मी त्या मुलीला पुढच्या फोनवर आडून आडून सुचवलं. तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी फाइल बघून निरोप दिला की माझ्यासाठी कोर्टाची फी घालण्यात बँकेला स्वारस्य नाही. इतका थंड नकार मला आजवर मुली बघायला गेलो तेव्हाही मिळाला नव्हता.

एरवी इंग्लंडची दिवाळखोरी ही नावाजलेली चीज आहे. २००४ पासून इथे बारा महिन्यांत माणूस मोकळा होतो. आयर्लंडमध्ये एके काळी याच गोष्टीला बारा वर्षं लागायची, जर्मनीत सहा. त्यामुळे तिकडचे डबघाईला आलेले लोक मुद्दाम इथे येऊन राहायचे, घर भाड्याने घ्यायचे, लायब्ररीचं कार्ड काढायचे आणि वर्षाने स्वच्छ होऊन परत जायचे. लोक बाथला वा स्ट्रॅटफर्डला जातात, तसे हे थेट ऑफिशिअल रिसीव्हरकडे. आपल्याकडे सामान्य माणूस या भानगडीत पडतच नाही. मुंबईत अजून १९०९चा नादारीचा कायदा आहे, नव्या २०१६च्या संहितेतला व्यक्तींचा भाग २०१९पासून फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांना लागू झाला. बाकीच्यांसाठी प्रस्थापित कार्यपद्धती म्हणजे सिमकार्ड बदलणे आणि गावाला जाणे.

इथे मात्र नाव छापून येतं. लंडन गॅझेट, १६६५पासून निघतंय. वॉटर्लू जिंकल्याचं वेलिंग्टनचं पत्र १८१५ साली याच गॅझेटात छापलं. हा तोच वेलिंग्टन, ज्याने १८०३ साली जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. त्याच अंकांच्या मालिकेत उद्या माझं नाव, पत्ता आणि पूर्वीचा व्यवसाय छापून येईल. व्यवसायाच्या जागी 'वसुली अधिकारी' असं वाचून कुणाला तरी हसू येईल एवढीच त्यात सार्वजनिक उपयुक्तता.

आणि बंधनं किती! वर्षभर कंपनीचा डायरेक्टर होता येत नाही. ५०० पौंडांच्या वर उधार घेताना समोरच्याला सांगावं लागतं की मी दिवाळखोर आहे. माझा कोट बघून ज्याला हे कळत नाही त्याने उधार देण्याचा धंदाच करू नये.

खरी पंचाईत हातउसन्यांची. मिरजेच्या एका मित्राने मला तीनशे पौंड दिलेत, कागद नाही, व्याज नाही, 'असू दे रे' या एका वाक्यावर. आपली रीत अशी की बँक बुडाली तरी चालेल, मित्राचे आधी द्यायचे. कायदा म्हणतो, तसं करायचं नाही. सगळे घेणेकरी सारखे. दिवाळं काढायच्या आधी एकाला झुकतं माप दिलं तर ते व्यवहार उलटवता येतात. शिवाय त्याचं नाव यादीत घालावंच लागतं, आणि मग त्याला सरकारी पत्र जातं की आपण अमुक यांचे घेणेकरी असल्याचे समजते. मित्राला मी हे आधीच सांगून ठेवलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'पत्र घरी पाठवू नकोस. हिला तीनशेचं माहीत नाही.'

तर मी गेलो कर्जसल्लागार बाईंकडे. इथे सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन अशा बऱ्याच संस्था आहेत आणि सल्ला फुकट असतो. या बाई साठीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी, टेबलावर बिस्किटांचा डबा. त्यांनी आधी मला मोकळा श्वास घ्यायची सरकारी योजना सांगितली. खरंच त्या नावाची आहे, २०२१पासून. साठ दिवस व्याज आणि तगादा बंद. नंतर म्हणाल्या, 'तुम्हाला दिवाळखोरी कशाला हवी? तुम्ही डेट रिलीफ ऑर्डर घ्या.'

ही गरिबांची धाकटी दिवाळखोरी. कर्ज ५०,००० पौंडांच्या आत, महिन्याच्या खर्चानंतर ७५हून जास्त उरत नसले पाहिजेत, आणि मालमत्ता २,०००च्या आत. वर्षभर थांबायचं, कर्ज माफ. आधी याला ९० पौंड पडायचे, एप्रिल २०२४पासून तेही नाहीत. फुकट! मी बिस्किट घेतलं.

मग खर्चाचा तक्ता. बाई एकेक कलम वाचत गेल्या. केस कापायला महिना किती? मी माझ्या डोक्याकडे बोट केलं. 'तरी काहीतरी लिहूया,' त्या म्हणाल्या, 'शून्य लिहिलं की वरचे लोक संशय घेतात.' पाळीव प्राणी? छंद? भेटवस्तू? धर्मादाय? गणपतीची वर्गणी धर्मादायात की करमणुकीत, यावर आमची थोडी चर्चा झाली. तक्त्यात बचतीचंही एक कलम आहे. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. सोन्यात आजीने दिलेली एक अंगठी, ती बोटातून निघत नाही असं सांगितल्यावर त्यांनी तीही फार ताणली नाही.

आणि मग त्या म्हणाल्या, 'जगात कुठेही घर, जमीन, असं काही?'

'नाही,' मी म्हटलं. 'म्हणजे, हो. म्हणजे आहे, पण माझी नाही. म्हणजे माझीही आहे.'

बाईंनी चष्मा लावला.

राजापूर तालुक्यात आमचा तीस गुंठे कातळ आहे. तीन हापूसची कलमं, एक फणस, बाकी जांभा दगड. सातबारा आता ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, डिजिटल सहीसकट. मी तो काढून, भाषांतर करून बाईंना नेऊन दिला. त्यावर एकोणीस नावं आहेत. त्यांतली सहा माणसं हयात नाहीत. दोघांच्या नावांत चूक आहे. आणि एक आत्या दोनदा आहे, एकदा माहेरच्या नावाने आणि एकदा सासरच्या. निम्म्याहून जास्त क्षेत्र पोटखराबा. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा ८०० रुपयांचा बोजा, आजोबांनी कधीतरी बैलांसाठी काढलेला. बैल गेले, आजोबा गेले, बोजा आहे. बाईंनी तेवढ्यावर लगेच बोट ठेवलं. 'हेही तुमच्या देण्यांत धरायचं का?'

'तुमचा हिस्सा किती?' त्यांनी विचारलं.

आजोबांना तीन मुलगे, दोन मुली; म्हणजे बाबांचा पाचवा हिस्सा. बाबांच्या मागे आई, बहीण आणि मी. 'एकपंधरांश,' मी म्हटलं. 'आत्याला दोनदा मोजलं तर एकअठरांश.'

'आणि किंमत?'

इथे माझी गरिबी अडकली. एकपंधरांश म्हणजे दोन गुंठे. दोन हजार पौंड म्हणजे आजच्या भावाने सव्वादोन-अडीच लाख रुपये. गुंठा सव्वा लाखाच्या वर गेला की मी धाकट्या दिवाळखोरीला नालायक, कारण मग मी जमीनदार. खाली असला तर पात्र. आणि कोकणातल्या कातळाचा भाव सांगणं ब्रह्मदेवालाही कठीण. रिफायनरी नाणारला येणार म्हटल्यावर तो वर गेला, २०१९ला ती रद्द झाल्यावर खाली आला, बारसूचं नाव निघाल्यावर पुन्हा वर. हॅरोच्या एका खोलीत बसून मी रोज रत्नागिरीच्या बातम्या वाचायला लागलो. प्रकल्पाला विरोध वाढला की माझी पात्रता वाढायची.

बाईंना काहीतरी आकडा हवा होता, म्हणून गावी चुलत भावाला फोन लावला.

'दादा, आपल्या कातळाला सध्या काय भाव आहे रे?'

पलीकडे नुसता कावळ्यांचा आवाज. मग, 'का रे?'

'सहज.'

'लंडनहून सहज कोण कातळाचा भाव विचारत नाही. वाटणी पाहिजे तुला?'

'वाटणी नको. मी गरीब आहे हे सिद्ध करायचंय.'

'मग सांग की गरीब आहेस. जमीन कशाला मधे आणतोस?'

दादाचे दोन भाव आहेत. आमच्यापैकी कुणी हिस्सा विकायला काढला की गुंठ्याला वीस हजारही कोण देत नाही, माकडं त्रास देतात, पाण्याची बोंब आहे. मुंबईहून एखादा एजंट गाडी घेऊन आला की तोच कातळ गुंठ्याला तीन लाखांच्या खाली द्यायचा नाही, इथून समुद्र दिसतो. दादाच्या घ्यायच्या भावाने मी गरीब ठरतो, विकायच्या भावाने श्रीमंत. मी विनवलं की घ्यायचा भाव कागदावर लिहून दे. त्याला वाटलं मी त्याला पुढे कोर्टात अडकवणार. 'रेडीरेकनर बघ,' म्हणाला आणि फोन ठेवला.

बाई विचारात पडल्या. मालमत्ता लपवणं हा गुन्हा, तेव्हा सांगणं भाग. किंमत मर्यादेवर गेली तर मोठी दिवाळखोरी, म्हणजे पुन्हा ते ६८०. आणि मोठ्या दिवाळखोरीत माझा एकपंधरांश ऑफिशिअल रिसीव्हरच्या हाती जातो, तो त्यांनी विकून बँकेचे पैसे द्यायचे. मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. क्रॉयडनचा एक गोरा साहेब, कोट-टाय, जूनच्या पावसात राजापूरला उतरलाय. तलाठी आज मंडळ कार्यालयात गेलेत. उद्या बाजार आहे. परवा सर्व्हर डाउन. वारस नोंद दुरुस्त झाल्याशिवाय फेरफार होणार नाही, फेरफाराशिवाय मोजणी नाही, आणि मोजणीला एकोणीसच्या एकोणीस सहधारकांना नोटीस, मेलेल्या सहांसकट. एवढं करून गिऱ्हाईक आणलं तरी महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरीच असावा लागतो, १९४८च्या कुळकायद्याचं कलम ६३. साहेब माझ्या अनामत रकमेतले ५५० पौंड तिथल्याच लॉजवर संपवून परत येईल.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. 'वरच्यांना विचारून कळवते,' म्हणाल्या.

दरम्यान दादाने आपलं काम केलं होतं. वर्षानुवर्षं फक्त 'शुभ सकाळ'पुरता उरलेला खानदानाचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा झाला. इंग्लंडचं सरकार आपली जमीन घेतंय, अशी बातमी. डोंबिवलीच्या काकांनी पहिल्यांदाच मला स्वतःहून फोन केला आणि तब्येत वगैरे न विचारता थेट म्हणाले, 'पौंडात देणार की रुपयांत?' बडोद्याच्या चुलतबहिणीने सातबाऱ्यावरच्या आपल्या नावातली चूक दुरुस्त करून घ्यायला वकील लावला. माझ्या सख्ख्या बहिणीचा निरोप, देणार असलो तर फणस धरून द्यावा, नुसता कातळ देऊ नये. दादाचा विकायचा भाव चार लाखांवर गेला, म्हणजे माझा हिस्सा आठ लाखांचा, म्हणजे मी आता कोणत्याच हिशेबाने गरीब नाही.

सगळ्यात शेवटी आत्यांचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या एकट्याच बोलतात. नातेवाईक काही सांगोत, त्यांचा सरकारवर विश्वास होता. फक्त एक खात्री करून घ्यायची होती.

'त्या साहेबांना विचार,' त्या ओरडून म्हणाल्या, 'माझं नाव दोनदा आहे. पैसे दोन्हीकडचे मिळतील ना?'